तरंगते बिऱ्हाड



कामतघरात राहणाऱ्याला इंधनाचा विचार टाळता येत नाही. यंत्रमागांची खडखड येथे रात्रंदिवस असते. परंतु मागावर चढणाऱ्या सुताला आधी खळ द्यावी लागते, ते वाळवावे लागते आणि त्यासाठी सायझिंगच्या कारखान्यांत बॉयलर पेटवून वाफ करावी लागते. वारा फिरला की तो धूर वऱ्हाळा तलावाच्या काठी बसलेल्यालाही चुकत नाही. "सर, गॅस आला की हा धूर जाईल ना? मग जयगडला गॅसचे जहाज आले होते, त्याचे काय झाले?" असे अकरावीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारले. त्याचे वडील बॉयलरवर काम करतात. प्रश्न पाठ्यपुस्तकाबाहेरचा आहे, म्हणूनच उत्तर सविस्तर देतो.

एप्रिल 2021 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात, शास्त्री नदीच्या मुखाजवळील जयगड बंदरात 'होएग जायंट' नावाचे प्रचंड जहाज येऊन उभे राहिले. एच-एनर्जी या कंपनीने ते एका नॉर्वेजियन कंपनीकडून भाड्याने घेतले होते. त्याच्या टाक्यांत 1,70,000 घनमीटर द्रवरूप नैसर्गिक वायू मावतो. भारतातले हे पहिले तरंगते वायू-आयात टर्मिनल ठरणार होते.

आता असे जहाज नेमके काय करते ते पाहू. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन. तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतात. ते नेहमीच्या तापमानाला नुसत्या दाबाने द्रवरूप होतात. मिथेनचे तसे नाही. त्याचे क्रांतिक तापमान उणे 82 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. त्याहून अधिक तापमानाला तुम्ही कितीही दाब द्या, मिथेन द्रव होणार नाही. म्हणून त्याला उणे 162 अंशांपर्यंत थंड करतात. मग सहाशे लिटर वायू एका लिटरच्या द्रवात बसतो आणि जहाजाने वाहून नेणे परवडते.

अनेकांना वाटते की जहाजात मोठी शीतयंत्रे बसवून हा द्रव गार ठेवत असतील. बहुतेक जहाजांत मुख्य काम साध्या युक्तीनेच होते. उन्हाळ्यात माठातले पाणी थोडे झिरपते, त्याचे बाष्प होते आणि उरलेले पाणी गार राहते. तसेच येथे होते. टाकीला उत्तम उष्णतारोधक आवरण असते. तरी दररोज साधारण एक सहस्रांश द्रव उकळून जातो आणि जाताना अप्रकट उष्मा घेऊन जातो. हा वायू बहुधा जहाजाच्या इंजिनातच जाळतात.

तरंगते टर्मिनल बंदरात उभे असते. दुसरे जहाज शेजारी येऊन त्याच्या टाक्यांत द्रव ओतते. पुढे या द्रवाला ऊब देऊन पुन्हा वायू करायचे. ही ऊब कोकणच्या समुद्रात फुकट मिळते. उणे 162 अंशांचा एक किलो द्रव साध्या तापमानाच्या वायूत बदलायला स्थूलमानाने 850 किलोज्यूल उष्णता लागते. समुद्राचे पाणी सात अंशांनी थंड होऊ द्यायचे ठरवले, तर एका किलोमागे सुमारे तीस किलो पाणी लागते. करून पाहा हा गुणाकार. हे गारठलेले पाणी परत समुद्रात सोडतात. नळ्यांत शेवाळ व शिंपले धरू नयेत म्हणून त्यात बहुधा क्लोरीनही असते. माशांची अंडी आणि पिल्ले याच पाण्यात असतात, तेव्हा बंदराशेजारच्या कोळ्याने याबद्दल विचारणा केली तर त्याला अडाणी म्हणू नका.

जयगडहून दाभोळपर्यंत 56 किलोमीटरची नळवाहिनी टाकली गेली. दाभोळहून पुढे पनवेलकडे नळवाहिनी आहेच. म्हणजे नकाशावर जयगड आमच्या भिवंडीपासून फारसे दूर राहिले नव्हते.

जमिनीवर टाक्या बांधून टर्मिनल उभारायला कित्येक वर्षे जातात. तरंगते टर्मिनल तयारच येते. जर्मनीने 2022 साली, रशियाचा वायू तुटल्यावर, विल्हेल्म्सहाफेन येथे असे टर्मिनल वर्षाच्या आत चालू करून दाखवले. उलट आपल्या दाभोळचे जमिनीवरील टर्मिनल 2013 मध्ये सुरू झाले, पण लाटा अडवणारा बांध अपुरा असल्यामुळे बरीच वर्षे पावसाळ्यात तेथे जहाज लावता येत नसे. तेव्हा जहाज आणा आणि मोकळे व्हा, असे वाटणे स्वाभाविक आहे.

मला मात्र येथे थांबून बोलावेसे वाटते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते. जे झटपट येते ते झटपट जाऊही शकते. जयगडला व्यापारी पुरवठा सुरू झालाच नाही, आणि पुढे तेच जहाज ब्राझीलमधील सांतोस बंदरात कामाला लागले. त्या काळात बाजारात काय घडले पाहा. 2020 च्या मध्यात आशियात हा वायू दहा लाख ब्रिटिश उष्मा-एककांना दोन डॉलरच्या आसपास मिळत होता. 2022 मध्ये तो अनेकदा तीस डॉलरच्या वर गेला. युरोपने वायूही उचलला आणि अशी जहाजेही. तीस डॉलरचा वायू जाळून सुताला खळ देणारा मालक मला तरी माहीत नाही. तो मुकाट्याने पुन्हा लाकूड-कोळशाकडे वळेल.

टर्मिनल हे धान्य नव्हे, धान्य आत येण्याचा दरवाजा आहे. दरवाजा किती रुंद आहे हे बातमीत ठळक छापतात. धान्य कोणत्या भावाने आणि किती वर्षे येणार, हे आतल्या पानात असते किंवा नसतेच. माझे मत असे की, घेणारे कारखाने आणि परवडणारा दीर्घ मुदतीचा भाव ठरल्याशिवाय असे जहाज भाड्याने आणू नये. भाडे मात्र जरूर करावे! जमिनीवरच्या टाक्यांत पैसा घातला की तीस-चाळीस वर्षे तोच वायू जाळण्याचे बंधन येते. समान उष्णतेसाठी वायूपासून निघणारा कार्बन डायऑक्साइड कोळशाहून सुमारे चाळीस टक्के कमी असतो हे खरे. पण न जळता निसटलेला मिथेन वीस वर्षांच्या हिशेबात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापदायक ठरतो. सूर्याच्या उष्णतेवर किंवा विजेवर वाफ करणे स्वस्त झाले, की जहाजाला निरोप देता आला पाहिजे. म्हणून जयगडचे जहाज गेले याचे मला दुःख नाही. ते उभे असताना आमच्या गावातला एकही बॉयलर त्याच्या वायूवर पेटला नाही, याचे आहे.

त्या विद्यार्थ्याला मी एक काम दिले आहे. एक टन वाफ करायला लाकूड किती लागते आणि ते काय भावाने पडते, हे वडिलांना विचारून यायचे. वायूची बाजू मी मांडून ठेवली आहे : बॉयलरची कार्यक्षमता 85 टक्के धरल्यास सुमारे साठ किलो मिथेन. सोमवारी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहू.