काळाच्या दोन तीरांवरचा खेळ

व्हिडिओ गेम हा शब्द उच्चारला की अनेक वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. वेळेचा अपव्यय, डोळ्यांना ताण, अभ्यासाची हेळसांड हे आक्षेप नेहमीचेच आहेत आणि ते सर्वस्वी निराधार आहेत असेही म्हणता येणार नाही. परंतु सामान्य कृतींवरून एखाद्या कलाप्रकाराची किंमत ठरवणे योग्य नव्हे. कादंबरी आणि चित्रपट यांच्या बाबतीत आपण तसे करत नाही. व्हिडिओ गेमलाही तोच न्याय लावला पाहिजे, असे माझे मत आहे. या मताच्या समर्थनार्थ माझ्या सर्वांत आवडत्या खेळाचा परिचय येथे करून देत आहे.

या खेळाचे नाव ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ऑकरिना ऑफ टाइम’. जपानमधील निन्टेन्डो या कंपनीने तो १९९८ साली प्रसिद्ध केला. झेल्डा मालिकेची सुरुवात १९८६ मध्ये झाली होती. तिचे एक जनक शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतोजवळच्या सोनोबे या गावी गेले. तेथील डोंगररानांत भटकण्याचा आणि गुहा धुंडाळण्याचा आनंद या मालिकेच्या मुळाशी आहे, असे त्यांनी सांगितले आहे. ऑकरिना म्हणजे फुंकून वाजवायचे, बहुधा मातीचे असणारे, मुठीत मावणारे वाद्य. खेळातील नायकाच्या हाती तलवारीइतकेच महत्त्व या वाद्याला आहे.

कथा हायरूल नावाच्या काल्पनिक राज्यात घडते. वनात वाढलेला लिंक हा मुलगा राजकन्या झेल्डाला भेटतो. गॅनॉनडॉर्फ हा सत्तालोभी पुरुष एका दिव्य शक्तीच्या मागे लागला आहे, हे तिने ओळखलेले असते. त्याच्याआधी आपणच ती शक्ती मिळवावी, अशी योजना ही दोन मुले आखतात. लिंक काळाच्या मंदिराचे दार उघडतो आणि तेथील तलवार उपसतो. पण नेमक्या त्याच उघड्या दारातून गॅनॉनडॉर्फ आत शिरतो. तलवार पेलण्यास लिंकचे वय अपुरे असल्यामुळे तो सात वर्षे निद्रिस्त राहतो आणि जागा होतो तेव्हा राज्य उद्ध्वस्त झालेले असते. सत्हेतूने केलेल्या कृतीचेही परिणाम भोगावे लागतात, हे सत्य हा खेळ उपदेश न करता सांगतो. कारण ते दार खेळणाऱ्याने स्वतःच्या हातांनी उघडलेले असते. वाचक नायकाची चूक दुरून पाहतो, खेळाडू मात्र तिच्यात सहभागी असतो. या कलाप्रकाराचे खरे सामर्थ्य मला येथे दिसते.

त्यानंतर तलवार पुन्हा चौथऱ्यात रोवून बालपणात आणि ती उपसून तारुण्यात जाता येते. ज्या बाजारात माणसे नाचत होती, तेथे आता प्रेते वावरतात. तेथील रहिवासी शेजारच्या काकारिको गावात आश्रयाला गेले आहेत. मात्र सारेच नष्ट होत नाही. बालपणी मऊ मातीत पेरलेले बी सात वर्षांनी उंचावर वाहून नेणारे रोप होते. कुरणावर शिकलेली धून वाजवताच एपोना नावाची घोडी मोठ्या झालेल्या लिंकला ओळखते. वाळवंटातील मंदिरात तर दोन्ही वयांची गरज लागते : अरुंद भोकातून लहान मुलानेच सरपटत जावे आणि अवजड दगड तरुणानेच ढकलावा. बालपण म्हणजे केवळ अपुरेपण नव्हे, त्याचीही एक स्वतंत्र शक्ती असते, हा विचार किती सहजपणे मांडला आहे!

कोजी कोंदो यांचे संगीत हा या खेळाचा प्राण आहे. अवघी पाच बटणे, पाच सूर; परंतु त्यांतून सिद्ध होणाऱ्या धुनांनी दिवसाची रात्र होते, पाऊस कोसळतो, बंद वाटा मोकळ्या होतात. या धुना केवळ ऐकायच्या नसतात. त्या लक्षात ठेवून स्वतः वाजवायच्या असतात. म्हणूनच खेळ संपल्यावरही त्या ओठांवर राहतात.

या खेळात उणिवाही आहेत. जलमंदिरात लोखंडी बूट वारंवार घालण्या-काढण्यासाठी खेळ थांबवावा लागतो. २०११ च्या नव्या आवृत्तीत ही गैरसोय दूर करण्यात आली. याहून खटकणारी गोष्ट झेल्डाची. सात वर्षे वेष पालटून ती धैर्याने वावरते, लिंकला मार्ग दाखवते; पण स्वतःचे रूप प्रकट करताच पकडली जाते आणि पुन्हा सुटकेची वाट पाहणारी राजकन्या ठरते. हे मला पटत नाही.

तरीही शेवट मनाला भिडतो. विजयानंतर झेल्डा लिंकला त्याची गमावलेली वर्षे परत देते आणि तो पुन्हा लहान होतो. कोवळ्या वयातच ज्यांच्या खांद्यांवर मोठ्यांची ओझी येतात, ज्यांचे शिक्षण मध्येच थांबते, अशा असंख्य मुलांना अशी देणगी मिळत नाही. वास्तवात काळ मागे फिरत नाही. अर्धवट राहिलेली वाट पुढे जाऊनच पूर्ण करावी लागते. जो खेळ आपल्याला हा विचार करायला लावतो, त्याला निव्वळ वेळेचा अपव्यय म्हणणे मला तरी मान्य नाही.