शाम्पूशेजारी पाना

पुतणी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या आठवड्यात वर्गाबरोबर भिवंडीचं एक स्वयंचलित गोदाम बघून आली. (भिवंडी म्हटलं की माझ्या कानात अजून यंत्रमागच खडखडतात.) माणूस जागेवर उभा आणि बुटके रोबो जमिनीवर चिकटवलेले कोड वाचत अख्खं कपाट पाठीवर घेऊन त्याच्यापुढे हजर! ही युक्ती गाजवली अमेरिकेतल्या किव्हा कंपनीनं. २०१२ मध्ये अ‍ॅमेझॉननं ती कंपनीच विकत घेतली. पोरीला धक्का बसला तो मात्र कपाटांचा. शाम्पूशेजारी पाना, पान्याशेजारी बाळाचं दुपटं. रिकामी जागा दिसेल तिथं वस्तू कोंबायची, कुठं कोंबली ते संगणकानं लक्षात ठेवायचं. शिवाय एका खणात सारख्या दिसणाऱ्या वस्तू नसल्या की हात चुकत नाही. नीटनेटकेपणाचं आपल्याकडं उगाच स्तोम माजलंय, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. माझं टेबलही त्या कपाटांसारखंच असतं. भिवंडीचा दाखला मी लगेच घरात ऐकवला. बायकोनं शांतपणे विचारलं, “मग गेल्या महिन्याचं वीजबिल कुठल्या खणात आहे?” शोध चालू आहे.