घाई नको, आधी बॅटरी!

तुम्ही हाइलला राहता का? मग तिथली धूळ तुम्हाला ठाऊकच असेल. शहराच्या उत्तरेला नफूदचं लालसर वाळवंट आहे. २०२१ साली डाकार रॅलीचा विश्रांतीचा दिवस हाइललाच होता. रॅलीच्या गाड्यांसोबत मेकॅनिक असतात. आपल्या गाडीसोबत कोण असतं? आपणच! इथून रियाध सहाशे किलोमीटरांहून लांब आहे. वाटेत गाडी बंद पडली, तर भर उन्हात केवढी पंचाईत!

इंजिनात किती हवा जाईल, हे थ्रॉटल बॉडी ठरवते. तिच्यात एक गोल झडप असते. इंजिनातल्या तेलाच्या वाफेमुळे तिच्यावर काळा थर बसतो. एअर फिल्टर खराब असेल किंवा नीट बसलेला नसेल, तर धूळही त्या थराला चिकटते. मग गाडी सिग्नलला थरथरते, कधी बंदही पडते.

"दोन मिनिटांचं काम आहे, आत्ता करून टाकू," असं घरात कुणीतरी म्हणतंच. मला हे मुळीच पटत नाही. काम सोपं आहे, पण घाईचं नाही.

का, ते बघा. साफ करायचा स्प्रे पेट घेतो. म्हणून इंजिन बंद आणि पूर्ण थंड हवं, जागा मोकळी हवी, जवळ कुणी सिगारेट ओढता कामा नये. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत झडप मोटरवर चालते. ती अचानक मिटली, तर बोट चेमटेल. म्हणून आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची. हातमोजे आणि चष्मा घालायचा. थ्रॉटल बॉडीसाठीचाच स्प्रे घ्यायचा, ब्रेकचा नाही. तो फडक्यावर मारायचा आणि हळूच पुसायचं. झडप बोटाने ढकलायची नाही. सगळं वाळलं, की नळी घट्ट बसवायची. नंतर काही गाड्यांना सावकाश चालण्याचा वेग पुन्हा 'शिकवावा' लागतो. त्याची पद्धत गाडीच्या पुस्तकात असते.

आणि हो, स्प्रेचा डबा गाडीत ठेवू नका! अशा डब्यांवर बहुधा ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. उन्हाळ्यात बंद गाडी त्याहून जास्त तापते.

काहीजण म्हणतील, "मग गॅरेजमध्येच द्या ना!" खुशाल द्या. शंका असेल, तर द्यायलाच हवी. पण काय करतात आणि का करतात, हे आपल्याला कळायला हवं. फक्त बाबांना नाही. २४ जून २०१८ पासून सौदीत बायकाही गाडी चालवतात. त्यामुळे आईला, ताईलाही हे यायला हवं.

तुम्ही लहान आहात, स्प्रेला हात लावू नका. पण एक काम तुमचंच आहे. मोठ्यांनी पाना उचलला, की लगेच विचारा, "बॅटरीची वायर काढली का?"