राखेचा पक्ष

उसाच्या चिपाडाच्या राखेने कापडाच्या सांडपाण्यातला रंग काढता येतो म्हटलं, की एक आक्षेप हमखास येतो: ‘प्रदूषण जात नाही, पाण्यातून राखेत सरकतं एवढंच.’ आक्षेप खरा आहे. पण तो घेणाऱ्यांनी एकदा आपल्याच ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाच्या, मागे जाऊन पाहावं. तुरटी, हिराकस, चुना टाकून रंग खाली बसवला की उरतो तो गाळच, आणि २०१६च्या घातक कचरा नियमांत तो रीतसर नोंदलेला आहे. म्हणजे आजची पद्धतही रंग पाण्यातून घनातच सरकवते. लाखो लिटर पाण्यात पसरलेलं काही थोडक्या जागेत गोळा करणं हे शुद्धीकरणाचं निम्मं काम आहे; त्याला पळवाट म्हणायचं तर सगळ्याच ईटीपींना म्हणावं लागेल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: प्रयोगशाळेतले आकडे खऱ्या सांडपाण्याला लागू पडत नाहीत. आणि तो ओढवून घेतलाय संशोधकांनीच. रुरकीच्या आयआयटीत विनोद कुमार गुप्ता आणि सहकाऱ्यांनी चिपाडाची राख, खतकारखान्यातला कार्बनी गाळ, झोतभट्टीची मळी अशी टाकाऊ द्रव्यं तपासली. २००३च्या एका निबंधात त्यांनी सरळ लिहिलं, की कार्बनी गाळापासून केलेलं द्रव्य रंग चांगलं धरतं, भट्टीची मळी मात्र छिद्रं कमी असल्याने मागे पडते. ही प्रामाणिक नोंद. पुढे निबंधांचा पूर आला त्यात मात्र ऊर्ध्वपातित पाणी, त्यात मिथिलीन ब्लू आणि नव्वदच्या वरचे टक्के! मिथिलीन ब्लू धनभारी, राखेचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारी, तो चिकटणारच. इचलकरंजीच्या सुती कापडाला लागतात रिॲक्टिव्ह रंग. ते ऋणभारी, पाण्यात सहज विरघळणारे, आणि त्यांच्यासोबत येतं भरपूर मीठ आणि सोडा. त्या पाण्यावर प्रयोग न करता छापलेले टक्के प्रोसेसवाल्याच्या, म्हणजे रंगाई कारखानदाराच्या, काय कामाचे?

तरीही मी राखेच्याच बाजूने आहे, फक्त जागा नेमकी हवी. सगळं सांडपाणी एकत्र झाल्यावर राख घालणं व्यर्थ. रंगाईच्या पहिल्या पाण्याची मोरी वेगळी काढावी. पाणी थोडं, रंग दाट. जिवाणूंच्या टाकीत सोडण्याआधी या क्षारयुक्त पाण्यात आम्ल घालावंच लागतं, ते जरा जास्त घालून पाणी आम्लाकडे झुकवलं, की ऋणभारी रंगही राखेला धरू लागतो. पुढची जिवाणूंची टाकी हे रंग फारसे तोडत नाही, म्हणून ही गाठ आधीच सोडवलेली बरी. राखही चाळून घ्यावी: जाड काळे कण म्हणजे न जळालेला कोळसा, कामाचा माल तो. बारीक करडी भुकटी नुसती गाळणी तुंबवते. वापरलेल्या काळ्या कणांत जळण्याजोगं बरंच असतं, ते सिमेंटच्या भट्टीत जाऊ शकतात. तुरटीच्या चिखलात जळण्याजोगं कमीच असतं.

कुठलाही औद्योगिक कचरा चालेल, हा दावा मात्र मी फेटाळतो. बेळगावच्या ॲल्युमिना कारखान्याचा तांबडा चिखल जवळचा असला, तरी तो अतिशय क्षारयुक्त असतो. दगडी कोळशाच्या राखेतून जड धातू झिरपू शकतात. चिपाडाची राखसुद्धा झिरपणीची चाचणी केल्याशिवाय वापरू नये.

राख मीठ काढत नाही, मैलाही काढत नाही. इचलकरंजीत २०१२ साली काविळीची साथ आली ती मैलापाण्यामुळे. पंचगंगा नदी निवळ दिसू लागली म्हणून ते संकट टळलेलं नसेल.

राहिला राखेला लावल्या जाणाऱ्या ‘फुकट’ या शब्दाचा प्रश्न. राख मिळते फुकट, पण चाळणं, वाहतूक, आम्ल, वापरलेली राख भट्टीपर्यंत पोचवणं, सगळ्याला पैसा लागतो. शिवाय साखर कारखान्यांचा गळीत हंगाम हिवाळ्याभोवतीचा, रंगाई बारमाही. म्हणजे राख पावसाळाभर कोरडी ठेवायला शेड हवी. तिचा खर्च प्रोसेसवाल्यांनी द्यावा, असं माझं मत. रंग त्यांचा आहे.