मांत्रिकाच्या भिंतीवर माझी बातमी

लावण्या सुरू झाल्यात. शिवऱ्यापासून पार वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत खाचरं भरलीत आणि माणसं गुडघाभर चिखलात आहेत. दरवर्षी याच दिवसांत फोन येतो, "अमक्याला पान लागलं." म्हणून ही पोस्ट आजच लिहितोय. लांब आहे. शेवटपर्यंत वाचा, आणि शिव्या द्यायच्या असतील तर पहिली मला द्या.

साधारण बारा वर्षांपूर्वी मी एका पेपरला बातमी दिली होती. साप चावलेल्याचं विष उतरवणाऱ्या एका माणसाची. पाला चोळतो, मंत्र म्हणतो, पैसा घेत नाही, हजारो लोकांचे प्राण वाचवले वगैरे. 'हजारो' हा आकडा त्यानंच सांगितला, मी लिहून घेतला. फोटोसकट चार कॉलम छापून आली. मी खूश, तोही खूश.

पुढं काही वर्षांनी ओळखीतल्या घरातल्या एका बाईला बांधावर गवत कापताना घोणस चावली. आधी त्या माणसाकडं नेलं. तीन तास तिथंच गेले. मग दवाखाना, मग पुणं. तोवर किडन्या गेल्या होत्या. पाचव्या दिवशी ती गेली. दहाव्याला तिचा मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, तुमची बातमी तिथं भिंतीला लावलीय, काच बसवून. आमचे वडील म्हणाले, पेपरात आलंय म्हणजे खरंच असणार."

तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसतं सांगत होता.

माझ्याकडं पत्रकारितेचा डिप्लोमा आहे. बातमीत कोण, काय, कधी, कुठं, का, कसं हे सहा प्रश्न असावेत, हे मला पाठ होतं. 'कशावरून?' हा सातवा प्रश्न मी त्या माणसाला विचारला नाही. विज्ञान म्हणजे बारावी सायन्स, प्रयोगशाळा आणि इंग्रजी पुस्तकं असं मी समजत होतो. आपल्यातले बहुतेक आजही तसंच समजतात. भांडण आहे ते याच्याशी.

आता त्या मांत्रिकाचा हिशेब मांडू. चौथीच्या गणितानं मांडता येतो.

भारतात सापांच्या तीनशेहून जास्त जाती आहेत. त्यातल्या साठेक विषारी. माणसं मरतात ती मुख्यतः चौघांमुळं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. आपल्या शिवारात रोज दिसतात त्या धामण, दिवड, नानेटी, कवड्या, गवत्या यांच्या चावण्यानं कुणी मरत नाही. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडं शंभर जण आणले, तर त्यातले बरेच जण काहीही न करता जगणारच होते. पाला चोळला तरी जगणार, नुसता चहा पाजला तरी जगणार. जगला की नाव मांत्रिकाचं. मेला की "वेळ भरली होती" किंवा "उशिरा आणलं". कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, आणि आपण कावळ्याला पैलवान ठरवतो.

यात आणखी एक मेख आहे. जे जगले ते जत्रेत, लग्नात, पारावर सांगत फिरतात. जे मेले ते सांगायला येत नाहीत. एकाच बाजूची साक्ष ऐकून निकाल लावणारा न्यायाधीश तुम्हाला चालेल का? मग मी लावलेला निकाल कसा चालला?

आता दुसऱ्या माणसाची गोष्ट. वरंध घाट उतरलं की महाड. तिथं डॉ. हिंमतराव बावस्कर. १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला होते. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं, लहान पोरं मरायची. तिथंही मंत्र-तंत्र होतंच. या माणसानं केलं काय? रुग्णाच्या उशाशी बसला. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, सगळं तासातासाला वहीत लिहीत गेला. मेलेल्यांचीही नोंद ठेवली. त्यातून कळलं, की या विषानं रक्तदाब भडकतो, हृदय थकतं, फुफ्फुसात पाणी होतं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी स्वस्त गोळी त्यांनी वापरून बघितली. आधी शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. 'लॅन्सेट'सारख्या जगातल्या मोठ्या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचं काम छापलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

मांत्रिकात आणि बावस्करांत फरक इंग्रजीचा नाही आणि डिग्रीचाही नाही. फरक वहीचा आहे. एकानं फक्त जगलेले मोजले, दुसऱ्यानं मेलेलेही मोजले. विज्ञानसाक्षरता म्हणतात ती एवढीच. ती आठवी शिकलेल्या माणसाला येऊ शकते आणि इंजिनिअर झालेल्याला येत नाही, हे आपण रोज व्हॉट्सॲपवर बघतोच.

आता आमच्या जातभाईंवर येतो, म्हणजे पत्रकारांवर. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषाची एक साधी चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि कोणती कुणाची ते सांगा म्हटलं. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांची सरासरी आली ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. हे सगळं जाहीर झालं, छापून आलं. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात राशिभविष्य होतं त्या जागी होतं. आजही आहे.

आम्ही २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचा फोटो छापतो. दीपप्रज्वलन, पाहुणे, थर्माकोलचा ज्वालामुखी. नागपंचमीला नागाला दूध पाजतानाचा फोटो छापतो, आणि दूध हे सापाचं अन्नच नाही हे एका ओळीत लिहायला आम्हाला जागा नसते. वाढदिवसाच्या जाहिरातीला अर्धं पान असतं. वाचकाला हेच लागतं, असं संपादक सांगतात. वाचकाला दुसरं काही कधी दिलंय का आपण?

एक आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खोटा नाही. "तुम्ही हायवेला राहता. डोंगरातल्या वाडीत रात्री गाडी नाही, रेंज नाही. दवाखान्यात गेलं तर डॉक्टर नाही, लस नाही. मांत्रिक निदान घरी तरी सापडतो." अगदी बरोबर. मांत्रिकाकडं जाणाऱ्याला अडाणी म्हणणाऱ्या शहरी शहाण्यांशी माझं जमत नाही ते यामुळंच. पण सरकारला जाब विचारायचा तर काय विचारायचं हे तरी माहीत पाहिजे ना?

ऐका तर. सापाच्या विषावर एकच औषध आहे, प्रतिविष. घोड्याला विषाचे अगदी थोडे थोडे, वाढते डोस देतात. घोड्याच्या रक्तात विषाशी लढणारे घटक तयार होतात, ते काढून शुद्ध करून ही लस बनते. वर सांगितलेल्या चारही सापांवर एकच लस चालते, म्हणून साप मारून आणायची गरज नाही. घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही. ते ओळखायला स्वच्छ कोरडी काचेची नळी लागते. त्यात ताजं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठलं का बघायचं. वीज नको, मशीन नको. मण्यार रात्री झोपेत चावते. दुखत नाही, सूज नाही. पोटात कळ येते, पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. "काही झालं नाही" म्हणून घरी ठेवलेला माणूस असाच जातो.

आता ग्रामसभेत विचारा: आपल्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाच्या किती कुप्या आहेत? मुदत कधी संपते? काचेची नळी आहे का? रात्री डॉक्टर कोण असतो? या चार प्रश्नांना "बघू, करू" असं उत्तर देता येत नाही. आकडा द्यावा लागतो. अडाणी ठेवलेला माणूस फक्त मंत्रावर विश्वास ठेवत नाही, तो भाषणावरही ठेवतो. म्हणून विज्ञान समजलेली जनता कुणालाच फारशी नको असते.

देशात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक शेतात राबणारी, खेड्यातली. आपल्या राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र करणं त्यात गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी दाभोलकरांनी आयुष्य घातलं आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांचा खून झाला. आपण निदान त्याचं एक पान वाचावं.

साप चावला तर एवढंच करा. माणसाला धीर द्या, चालवू नका. चावलेला हात-पाय मोडल्यावर बांधतो तसा पट्टी लावून स्थिर ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी काढा. करकचून दोरी नको, ब्लेडनं कापणं नको, चोखणं नको, पाला नको. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीनं लस असलेला दवाखाना गाठा.

आणि कुणीही चमत्कार सांगितला, बाबानं, पुढाऱ्यानं, डॉक्टरनं किंवा माझ्यासारख्या पत्रकारानं, तर तीन प्रश्न विचारा. कशावरून? किती जणांपैकी किती? आणि काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?

मी त्या माणसाकडं जाऊन आलो. बातमी काढून टाका म्हणालो. तो म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय की, साहेब. खोटं होतं का?"

हो. खोटं होतं. तिथं काचेमागं ती अजून आहे, म्हणून इथं माझ्या नावानिशी लिहितोय. ज्या वाडीत ती बातमी पोचली, तिथवर ही पोस्ट पोचवा.