बिनविरोध झालं, बरं झालं?

निवडणूक बिनविरोध झाली की कौतुक करायची आपल्याकडे पद्धत आहे. भांडणं टळली, पैसा वाचला वगैरे. मला अशा वेळी इंग्लंडमधलं यॉर्कशायर आठवतं.

साल १८०७. अख्ख्या काउंटीला खासदारकीच्या जागा दोन, उमेदवार तीन. एक विल्बरफोर्स, गुलामांच्या व्यापारावर बंदी आणणारा त्यांचा कायदा दोनच महिन्यांपूर्वी झाला होता. दुसरे हेन्री लॅसेल्स, ज्यांच्या घराण्याचे वेस्ट इंडीजमधले मळे गुलामांच्याच कष्टावर चालत. तिसरा लॉर्ड मिल्टन, बड्या फिट्झविल्यम घराण्याचा वारस, नुकताच २१ वर्षांचा झालेला पोरगा.

मत कुणाला? वर्षाला निदान ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन असेल त्या पुरुषाला. आणि ते द्यायचं कुठे, तर यॉर्क शहरात, किल्ल्याच्या आवारात. काउंटीच्या कानाकोपऱ्यातून माणसं आणायची म्हणजे गाडीभाडं, जेवण, मुक्काम आणि अर्थातच दारू! सगळं उमेदवाराच्या खिशातून. मत सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं, ते नावासकट वहीत उतरायचं. म्हणजे कुळाने कुणाला मत दिलं हे जमीनदाराला घरबसल्या कळणार. हा प्रकार पंधरा दिवस चालला.

मिल्टन आणि लॅसेल्स यांच्या बाजूने प्रत्येकी सुमारे १ लाख पौंड उडाले. विल्बरफोर्ससाठी लोकांनी वर्गणी काढली, कित्येक मतदार पदरमोड करून आले, त्यांचं २९ हजारांच्या आत भागलं. आणि पहिले तेच आले! दुसरी जागा मिल्टनने दोनशेहूनही कमी मतांनी मारली.

वर्गणीची ही गोष्ट सगळे सांगतात, सांगावी अशीच आहे. पण पुढचं कुणी सांगत नाही. एवढा खर्च पुन्हा कोण करणार? १८१२ मध्ये विल्बरफोर्स प्रकृती आणि मुलाबाळांसाठी म्हणून यॉर्कशायर सोडून ब्रॅम्बर नावाच्या, नातलगाच्या मुठीतल्या चिमुकल्या मतदारसंघात गेले. यॉर्कशायरच्या दोन जागा कुणाला? एक मिल्टनला, दुसरी लॅसेल्सला. मतदान न होता, बिनविरोध! पाच वर्षांपूर्वी एकमेकांविरुद्ध लाखलाख पौंड ओतणारी हीच दोन घराणी, बरं का.

त्यानंतर १८१८, १८२० आणि १८२६. तिन्ही वेळा बिनविरोध. १८०७ ला चिखल तुडवत यॉर्क गाठणाऱ्या त्या हजारो मतदारांना तुमचं मत काय म्हणून कुणी विचारलंच नाही.