प्राप्तिकर, काका आणि आपण

वार्षिक अंकासाठी प्राप्तिकरावर लिहिणार असे मी सांगितले, तेव्हा संपादक मंडळातल्या एका मैत्रिणीने "तो कॉमर्सवाल्यांचा विषय गं, तू कविता दे," असा प्रेमळ सल्ला दिला. कविता माझ्याजवळ नाही. काकांच्या रिटर्नची एक छापील प्रत मात्र आहे, आणि ती वाचल्यापासून मला दुसरे काही सुचलेले नाही.

माझे धाकटे काका भुसावळला रेल्वेत आहेत, रुळांवर काम करतात. आमच्या घरात 'फॉर्म सोळा' नावाचा कागद आणणारे ते पहिले आणि कॉलेजात जाणारी मी पहिली. २०२२-२३ ह्या वर्षाचे त्यांचे उत्पन्न सर्व खऱ्या वजावटी जाऊन ५ लाख ७० हजार होते. जुन्या पद्धतीने त्यावर उपकरासह २७,५६० रुपये कर बसतो. तो पगारातून कापलेलाही होता. २०२३ च्या जुलैत सोबत्यांपैकी कोणीतरी एका माणसाची गाठ घालून दिली. हा माणूस म्हणे कापलेला कर परत आणून देतो. फी काही नाही. जे येईल त्यातले वीस टक्के त्याचे. काकांनी पॅन, आधार, फॉर्म सोळा दिला, मोबाईलवर आलेला ओटीपी सांगितला. महिना-दीड महिन्यात सगळेच्या सगळे २७,५६० खात्यावर जमा! साडेपाच हजार त्या माणसाने नेले, आणि काका घरी पेढे घेऊन आले. "आपलाच पैसा, आपलेच भेटना," असे ते म्हणाले. त्यात खोटे काय आहे असे आम्हा कोणालाच तेव्हा वाटले नाही. मलाही नाही. पेढे मीही खाल्ले.

मग १४ जुलै २०२५ आला. त्या दिवशी प्राप्तिकर खात्याने देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. महाराष्ट्राचे नावही त्यात होते. खोट्या वजावटी दाखवून परतावा काढून देणारे मध्यस्थ हे तिचे लक्ष्य होते. खात्याने सांगितले की, आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे दुरुस्त करून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले आहेत. हे मध्यस्थ तात्पुरते ई-मेल पत्ते काढतात, त्यांवरून ढिगाने रिटर्न भरतात आणि पुढे ते पत्ते सोडून देतात. त्यामुळे खात्याच्या नोटिसा कोणी उघडूनही पाहत नाही, असेही त्यात होते.

काकांनी ही बातमी वाचली आणि रविवारी आमच्याकडे आले. चहा तसाच राहिला. "माय, तू कॉलेजमा शे, हाई वाच ना व," म्हणत त्यांनी मोबाईल पुढे केला. पासवर्ड अर्थातच त्यांना ठाऊक नव्हता. आधारच्या ओटीपीवर तो बदलून घेतला, रिटर्न उतरवून घेतले आणि झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रत काढली. ई-मेलच्या रकान्यात कोणा भलत्याचाच पत्ता. आणि खाली वजावटीच्या तक्त्यात कलम ८० डीडी, रुपये ७५,०००.

हे कलम काय असते ते मी शोधून वाचले. करदात्यावर अवलंबून असलेल्या अपंग व्यक्तीच्या औषधोपचारासाठी व सांभाळासाठी मिळणारी ही वजावट आहे. काकांवर अवलंबून दोघीच : काकू आणि माझी चुलत बहीण. बहीण आठवीत आहे आणि तालुक्याच्या स्पर्धेत दोनशे मीटर धावते. म्हणजे तिला, नाहीतर काकूला, त्या माणसाने कागदावर अपंग करून टाकले होते. का, तेही गणित मांडल्यावर कळले. ५ लाख ७० हजारांतून ७५ हजार गेले की उरतात ४ लाख ९५ हजार. त्या वर्षी ५ लाखांच्या आत उत्पन्न असले की सवलतीने कर शून्य होई. माणूस हुशार खरा. रिटर्नच्या शेवटी मात्र 'वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे' ह्या अर्थाचे जे निवेदन असते, ते काकांच्या नावाने होते. त्या माणसाचे नाव साऱ्या कागदावर कोठेही नाही.

काकांना मी निर्दोष म्हणणार नाही. कापलेला कर काही न करता पूर्णच्या पूर्ण परत येतो म्हटल्यावर एकदा तरी विचारायला हवे होते. पण विचारायचे कोणाला, हा आमच्यासारख्या घरांतला खरा प्रश्न आहे. कोर्टाचे काम निघाले तर गावात वकील माहीत असतो, दुखले-खुपले तर डॉक्टर माहीत असतो. इन्कम टॅक्सचे काम निघाले की 'एक जण आहे ओळखीचा' एवढेच माहीत असते. तो कोण, त्याने काय परीक्षा दिली, उद्या नोटीस आली तर तो उभा राहील का, हे विचारणे उद्धटपणाचे वाटते. शिवाय खोट्या अपंगांची संख्या अशी वाढली की ज्या घरात खरोखरच अपंग मूल आहे, त्यांच्याही दाव्याकडे संशयाने पाहिले जाणार. ह्या फसवणुकीत माझ्या मते सर्वांत वाईट हेच आहे.

शेवटी जळगावला एका सीए बाईंकडे गेलो. मी सोबत होते. त्यांनी रिटर्न बाजूला ठेवले आणि आधी प्रश्न विचारायला सुरुवात केली. घरात कोण कोण? सरकारी वैद्यकीय मंडळाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र कोणाकडे आहे का? बँकेत ठेव आहे का? त्या वर्षी कोणाला देणगी दिली? विमा कोणाच्या नावाने? मी मोजत होते, अकरा प्रश्न झाले. दोन वर्षांपूर्वीच्या त्या माणसाने एकही विचारला नव्हता. प्रमाणपत्राच्या प्रश्नाला काका गप्प बसले. बाईही काही वेळ गप्पच राहिल्या. मग त्यांनी शांतपणे समजावले : नोटीस अजून आलेली नाही तोवर अद्ययावत विवरणपत्र भरून चूक आपणहून मान्य करता येते. परत आलेला २७,५६० कर भरायचा, त्यावर व्याज, आणि उशीर दुसऱ्या वर्षात गेला म्हणून ह्या दोहोंच्या निम्मी रक्कम आणखी. तसेच राहू दिले आणि खात्याने पकडले, तर खोट्या माहितीबद्दल दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट होऊ शकतो. काकांनी सोसायटीतून कर्ज काढले आणि भरले. बाईंची फी दोन हजार रुपये. ती त्यांनी आधीच सांगितली होती.

फीची गोष्ट मुद्दाम लिहिली. सीएंचा धंदा १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने बांधलेला आहे. काही ठरावीक अपवाद सोडले तर फी टक्क्यांवर किंवा कामाच्या निकालावर ठरवणे हे त्या कायद्याप्रमाणे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. गिऱ्हाईक गोळा करत फिरणेही त्यात बसत नाही. म्हणजे 'जितका परतावा, तितके माझे टक्के' म्हणत दारात आलेला माणूस एक तर सीए नाही, किंवा असून नसल्यासारखा आहे. ही एवढी एक ओळ काकांना २०२३ मध्ये कोणी सांगितली असती तर! अर्थात सीए नसलेले पण चोख काम करणारे कर सल्लागारही आहेत. जळगावात नि धुळ्यात वर्षानुवर्षे व्यापाऱ्यांची खाती सांभाळणारी अशी मंडळी आहेत, आणि त्यांना ह्या टक्केवाल्यांच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. तेही प्रश्न विचारतात.

आणि आपल्याकडचे प्रश्न साधे नसतात. शेतकऱ्याला कर नाही, हे आपण गृहीत धरून चालतो. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा प्राप्तिकर नाही हे खरेच आहे. १८८६ च्या कायद्यापासून ते तसे चालत आले आहे. पण रावेर-यावलच्या केळीबागायतदाराने घड विकले तर ते शेतीचे उत्पन्न, आणि त्याच केळ्यांचे वेफर्स तळून विकले तर केळ्यांच्या बाजारभावापलीकडचा नफा व्यवसायाचा. शेतात मंगल कार्यालय बांधून भाड्याने दिले तर ते भाडे शेतीचे नव्हे, जमीन सातबाऱ्यावर शेतीची असली तरी. घरात पगारही असेल आणि शेतीही, तर १९७३ पासूनची आणखी एक गुंतागुंत आहे : शेतीवर कर लागत नाही, पण जुन्या पद्धतीत दर ठरवताना ते उत्पन्न मोजणीत धरतात. हे रकाने न विचारता कोण भरणार?

धुळ्याकडच्या माझ्या मावशीचे प्रकरण तर कोणत्याच ओळखीच्या माणसाला सुटले नव्हते. सुरत-नागपूर महामार्ग, आधीचा ६ क्रमांकाचा नि आता ५३ चा, फागणे ते तरसोद चौपदरी झाला त्यात तिची दीड एकर गेली. मोबदला मिळाला. 'निम्मा पैसा इन्कम टॅक्समध्ये जाईल' अशी पारावर चर्चा. त्या भीतीने तिने कोणाला काही विचारलेच नाही. वास्तविक धुळे किंवा जळगावएवढ्या, म्हणजे एक लाखावर व दहा लाखांच्या आत लोकवस्तीच्या शहराच्या हद्दीपासून सरळ रेषेत सहा किलोमीटरपलीकडची शेतजमीन (दुसरी कोणती नगरपालिका जवळ नसेल तर) भांडवली मालमत्ताच मानली जात नाही. त्यामुळे मावशीच्या मोबदल्यावर कर नव्हता. पण तो पैसा तिने बँकेत ठेवला, आणि ठेवीचे व्याज काही शेतीचे उत्पन्न नव्हे. बँक दरवर्षी त्यातून दहा टक्के टीडीएस कापत राहिली. मावशीचे एकूण उत्पन्न कराच्या मर्यादेत येतच नव्हते. तेव्हाचा 'पंधरा-जी' फॉर्म दिला असता तर कापणी झालीच नसती, आणि रिटर्न भरले असते तर कापलेले सगळे परत आले असते. म्हणजे इकडे काकांनी न मिळणारा परतावा घेतला, तिकडे मावशीने हक्काचा सोडला. मुदत टळलेल्या वर्षांसाठी विलंबमाफीचा अर्ज करता येतो, त्यालाही आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांची मर्यादा आहे, हे त्याच सीए बाईंनी सांगितले. अर्ज दिला आहे.

हे सगळे मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना सांगितले, आणि महाविद्यालयाने जुलै महिन्यात ग्रंथालयाच्या बाहेर एक टेबल मांडावे अशी कल्पना काढली. सरांनी हरकत घेतली. ते म्हणाले, "अर्धवट ज्ञानाने दुसऱ्याचे रिटर्न भराल आणि त्यांना खड्ड्यात घालाल." हरकत बरोबर आहे. कायदाही बदलत असतो. १९६१ च्या कायद्यात ८१९ कलमे होती. त्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून लागू होणाऱ्या २०२५ च्या कायद्यात ५३६ आहेत, आणि वर मी दिलेला कलमाचा नि फॉर्मचा क्रमांक जुन्यातला आहे. कराच्या मर्यादाही अशाच सरकतात. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत साधारणपणे १२ लाखांपर्यंत कर लागत नाही. म्हणजे काकांनी ज्या करासाठी हा उपद्व्याप केला, तो पुढे आपोआपच शून्य झाला.

पण मी भरण्याचे म्हणत नाहीच. मी वाचण्याचे म्हणते. आम्ही कलाशाखेची मुले दोन-तीन वर्षे करतो काय? अवघड मजकूर वाचतो, त्यात कोण कोणाला काय म्हणतो आहे ते शोधतो. मग वडिलांचे रिटर्न भरून आल्यावर त्याची प्रत मागून घ्यायची, ई-मेल आपला आहे का पाहायचे, जी वजावट दाखवली तिचा कागद घरात आहे का पाहायचे, आणि नसेल तर सीएकडे नेण्याचा प्रश्न एका कागदावर नीट लिहून काढायचा, एवढे आपल्याला जमणार नाही का? १९६१ च्या कायद्याने तर नातेवाइकाला करदात्याचा प्रतिनिधी म्हणून अधिकाऱ्यासमोर उभे राहण्याचीही मुभा दिली होती. आपण निदान टेबलापाशी बसू. त्या टेबलावर ओटीपी कोणाचाही घ्यायचा नाही, पैसे घ्यायचे नाहीत, आणि शेवटचा शब्द सीएचाच. सर म्हणाले, असे असेल तर प्राचार्यांकडे अर्ज लिहा. लिहिला आहे, खाली सात जणींच्या नि चार मुलांच्या सह्या आहेत.

२०२४-२५ चे रिटर्न काकांनी सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच बाईंकडून भरून घेतले. पाठवण्याआधी कच्ची प्रत मागून आणली आणि माझ्यापुढे ठेवली. मी पेन्सिलीने दोन खुणा केल्या. पहिली चूक माझीच निघाली, मला तो रकानाच कळला नव्हता. दुसरी म्हणजे बँक खात्याच्या क्रमांकातला एक आकडा खरोखरच चुकला होता. बाईंनी तो दुरुस्त केला.